साठीची टाच, मस्कतचा ऑक्टोबर

मस्कतमध्ये हौसेने पळणाऱ्यांचं वर्ष ऑक्टोबरात उजाडतं. मे ते सप्टेंबर इथे बाहेर पळायचं म्हणजे पहाटे चारला उठायचं, आणि तरीही अर्ध्या तासात घामाने निथळत घरी परतायचं. जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर मजुरांकडून काम करून घ्यायला ओमानच्या कायद्याने बंदी आहे, यावरूनच उन्हाची कल्पना यावी. रात्रीही सुटका नसते. 2018 च्या जूनमध्ये मस्कतच्या आग्नेयेला किनाऱ्यावर असलेल्या कुरियातमध्ये अख्ख्या दिवस-रात्रीत पारा 42.6 अंशांच्या खाली उतरलाच नाही. किमान तापमानाचा एवढा मोठा आकडा त्याआधी जगात कुठे नोंदला गेला नव्हता.

मग एका सकाळी दार उघडल्यावर हवा बरी वाटते. कुरुमचा किनारा, तिथलं नॅचरल पार्क, अल मौजचा पदपथ, मत्राहची कॉर्निश ही सगळी ठिकाणं आठवड्याभरात गजबजतात. रुवी, दारसैत, अल खुवैर, घुबरा इथली मराठी मंडळी शुक्रवारी पहाटे गटागटाने दिसू लागतात. त्यांतले बरेच जण पन्नाशी ओलांडलेले असतात. पंचवीस-तीस वर्षं आखातात नोकरी केलेली, मुलं पुण्यात किंवा परदेशात शिकायला गेलेली, डॉक्टरांनी साखर नाहीतर कोलेस्टेरॉल दाखवून घाबरवलेलं, आणि त्यातून पळण्याची गोडी लागलेली. मस्कत मॅरेथॉन जानेवारी-फेब्रुवारीत असते, म्हणजे हातात तीन-चार महिने. उन्हाळाभर ट्रेडमिलवर चार-पाच किलोमीटर पळणारा माणूस थंड हवेच्या आनंदात पहिल्या पंधरवड्यातच बारा-पंधरा किलोमीटरवर जातो. छाती साथ देते, दम टिकतो, मन तर केव्हाचंच तयार असतं. फक्त पाय अजून उन्हाळ्यातच असतात.

दिवाळीच्या आसपास टाच दुखायला लागते.

साठीकडे झुकलेल्या पळणाऱ्याला अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे, ‘वय झालं, आता चालत जा.’ दुसरा, ‘महिनाभर पूर्ण विश्रांती घे.’ दोन्ही सल्ले मायेपोटी दिले जातात, पण बहुतेक वेळा दोन्ही चुकीचे असतात. पाय पळून झिजला म्हणून दुखत नाही. भार ज्या वेगाने वाढला त्या वेगाने पायातल्या ऊती घट्ट झाल्या नाहीत, म्हणून दुखतो. त्यामुळे दुरुस्तीही भारानेच होते, मात्र तो भार मोजूनमापून द्यावा लागतो. हे नीट समजण्यासाठी पावलाच्या आत थोडं डोकवायला हवं.

एका पावलात 26 हाडं आणि 33 सांधे असतात. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायात एक जाड, पांढरा, चिवट पट्टा ताणलेला असतो, तो प्लांटर फॅसिया. त्याचं काम जे. एच. हिक्स या ब्रिटिश शरीररचनातज्ज्ञाने 1954 साली उलगडून दाखवलं. पाऊल उचलताना बोटं वर वळली की हा पट्टा अंगठ्याच्या सांध्याभोवती गुंडाळला जातो, ताणतो आणि पायाची कमान उचलतो. लवचीक पाऊल त्या क्षणी कडक दांडा बनतं आणि शरीर पुढे ढकललं जातं. हे घरबसल्या पाहता येतं. खुर्चीत बसून पाऊल जमिनीवर टेका आणि हाताने अंगठा वर उचला. कमान आपोआप वर येते आणि तळव्यात एक दोरी ताणलेली बोटांना लागते.

सावकाश पळणारा माणूस एका किलोमीटरला साधारण हजार-अकराशे पावलं टाकतो. दहा किलोमीटरमध्ये प्रत्येक पाय पाच-साडेपाच हजार वेळा जमिनीवर पडतो, आणि दर वेळी वजनाच्या दोन-तीन पट जोर सोसतो. टाचेमागच्या जाड शिरेवर, म्हणजे अकिलीज कंडरेवर, येणारा ताण वजनाच्या सहापटीहूनही वर जातो. पोटरीचे स्नायू, ही कंडरा, टाचेचं हाड आणि तळव्याचा पट्टा हे सगळं एकापुढे एक जोडलेलं आहे. पोटरी कमजोर असेल तर तिचं काम पुढच्यांवर पडतं. टाचदुखीच्या माणसाची पोटरी तपासल्याशिवाय उपचार सुरू करू नयेत असं मला ठामपणे वाटतं, ते याचसाठी.

वयाबरोबर नेमकं काय बदलतं? टाचेखाली चरबीची कप्प्याकप्प्यांची गादी असते, तिची उसळी कमी होते. पोटरीचे स्नायू बारीक होतात, घोट्याचा जोर घटतो, पावलांमधलं अंतर आखूड होतं. पण सगळ्यांत थक्क करणारी गोष्ट डेन्मार्कच्या संशोधकांनी 2013 साली दाखवली. 1950 च्या दशकापासून 1963 पर्यंत उघड्या हवेत इतक्या अणुचाचण्या झाल्या, की वातावरणातला किरणोत्सारी कार्बन जवळजवळ दुप्पट झाला. झाडांतून, अन्नातून तो माणसांच्या शरीरात गेला. चाचण्या थांबल्यावर त्याचं प्रमाण वर्षागणिक उतरत गेलं. त्यामुळे एखाद्या ऊतीत हा कार्बन किती आहे यावरून ती ऊती कोणत्या वर्षांत तयार झाली ते सांगता येतं. अकिलीज कंडरेचा गाभा तपासल्यावर दिसलं, की तो वयाच्या साधारण सतरा वर्षांपर्यंत तयार होतो आणि त्यानंतर जवळपास बदलतच नाही. बाजूच्या स्नायूत मात्र नवं-जुनं होत राहतं.

म्हणजे 1965 च्या सुमारास सातारा, सांगली किंवा रत्नागिरीत जन्मलेला जो माणूस आज कुरुमच्या किनाऱ्यावर पळतो आहे, त्याच्या टाचेमागे शाळकरी वयातलीच शीर आहे. त्या काळातल्या भाकरीतून आणि दुधातून आलेला अणुचाचण्यांचा कार्बन तिच्यात अजून आहे. बिघडली की ती नवी उगवत नाही.

हे वाचून कोणी धास्ती घेऊ नये. गाभा जुना असला तरी कंडरेचा कणखरपणा वाढवता येतो. 2003 साली इंग्लंडमध्ये सत्तरीच्या घरातल्या लोकांकडून 14 आठवडे वजनाचे व्यायाम करून घेतले, तर त्यांच्या गुडघ्याखालच्या कंडरेचा ताठपणा सुमारे 65 टक्क्यांनी वाढलेला आढळला. शरीर या वयातही ऐकतं. ते हळू ऐकतं इतकंच, आणि हृदय-फुप्फुसांपेक्षा तर फारच हळू. दोन-तीन आठवड्यांत दम वाढतो. कंडरेला त्यासाठी महिने लागतात. मस्कतच्या ऑक्टोबरात पाय दुखावतात ते या फरकामुळे.

आता टाचदुखीकडे येऊ, कारण पन्नाशीपुढच्या पळणाऱ्यांच्या पायाच्या तक्रारींत तीच सर्वांत जास्त दिसते. सकाळी अंथरुणातून उठून फरशीवर पहिलं पाऊल टेकवलं की टाचेच्या आतल्या बाजूला, तळव्याकडे, सुरी खुपसल्यासारखी कळ येते. भिंत धरून दहा-वीस पावलं टाकली की ती ओसरते. ऑफिसात तासभर बसून उठलं की पुन्हा तेच. पळायला सुरुवात करताना दुखतं, दोन किलोमीटरनंतर थांबतं, म्हणून माणूस पळत राहतो, आणि दुपारी लंगडतो. एवढं लक्षण असेल तर बहुतेक वेळा तो प्लांटर फॅसियाचा त्रास, म्हणजे प्लांटर फॅसायटिस, असतो.

एक्स-रे काढला की अनेकदा ‘टाचेचं हाड वाढलंय’ असं ऐकायला मिळतं आणि घरात काळजी पसरते. हाडाचं हे टोक ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशा कितीतरी लोकांतही दिसतं. दुखणं बरं झाल्यावरही ते तिथेच असतं. टोक दुखत नसून पट्टा दुखत असतो, हे कळलं की निम्मी भीती जाते.

आपल्याकडे या दुखण्यावर घरगुती इलाज पुष्कळ आहेत. तापवलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून टाच शेकायची, रात्री तूप लावून काशाच्या वाटीने तळवे घासायचे. शेकल्याने, घासल्याने बरं वाटतं हे खरंच आहे. त्या स्पर्शाला आणि उबेला मी कमी लेखणार नाही. मात्र त्याने पट्ट्याची ताकद वाढत नाही. आणि मधुमेह असलेल्या माणसाने तापलेल्या विटेच्या जवळपासही जाऊ नये. त्याचं कारण पुढे येईल.

सुजेवरच्या गोळ्यांचंही असंच. नावात ‘फॅसायटिस’ आहे, म्हणजे सूज आहे असं आपण धरून चालतो. 2003 मध्ये अमेरिकेत 50 रुग्णांच्या शस्त्रक्रियेत काढलेले या पट्ट्याचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा जुनाट दुखण्यात सुजेच्या पेशी दिसल्याच नाहीत. दिसले ते विस्कटलेले, विरलेले धागे. गोळी काही दिवस कळ दाबते, धागे नीट करत नाही. टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं तर काही आठवडे स्वर्ग वाटतो, पण पट्टा फाटण्याचा आणि टाचेखालची चरबी विरळ होण्याचा धोका त्यात असतो. शर्यत पंधरा दिवसांवर आली म्हणून इंजेक्शन घेऊन पळणं हा माझ्या मते सर्वांत महागडा सौदा आहे.

धागे नीट होतात ते ओझं पेलून. 2014 साली डेन्मार्कमध्येच 48 रुग्णांवर एक प्रयोग झाला. एका गटाला नेहमीचा तळवा ताणण्याचा व्यायाम दिला, दुसऱ्याला टाच उचलण्याचा. तीन महिन्यांनी टाच उचलणाऱ्यांना स्पष्टपणे जास्त आराम होता. वर्षाअखेरीला दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले होते, हेही सांगायलाच हवं. पण ज्याला हंगाम गाठायचा आहे त्याला तीन महिन्यांचं मोल कळतं.

हा व्यायाम इतका साधा आहे, की लोक त्यावर विश्वास ठेवत नाहीत. जिन्याच्या पायरीवर, कठडा धरून, एका पायाच्या चवड्यावर उभं राहायचं. टॉवेलची घट्ट गुंडाळी बोटांखाली ठेवायची, म्हणजे बोटं वर वळलेली राहतात आणि हिक्सने सांगितलेला पट्टा आधीच ताणलेला असतो. मग मनात तीन मोजत टाच वर, दोन मोजेपर्यंत वरच थांबायचं, तीन मोजत खाली. घाई केली तर व्यायाम वाया जातो. एका वेळी जेमतेम बारा होतील इतपत जड, असे तीन फेरे, आणि एक दिवसाआड. बारा सहज होऊ लागले की पाठीवर सॅक घेऊन त्यात पुस्तकं भरायची, आणि आकडा दहावर, मग आठवर आणत फेरे वाढवायचे. एका पायावर जमत नसेल त्याने दोन्ही पायांवर सुरुवात करावी. रोज करू नये. मधला दिवस धाग्यांच्या बांधणीसाठी लागतो. सुरुवातीला थोडं दुखतं आणि लोक घाबरून सोडून देतात. तिथेच टिकायचं असतं.

किती दुखलं तर चालेल, याचंही उत्तर आहे. स्वीडनमध्ये अकिलीजच्या दुखण्यावर 2007 साली झालेल्या अभ्यासात रुग्णांच्या एका गटाला शून्य ते दहाच्या मापावर पाचपर्यंतचं दुखणं चालेल असं सांगून पळू-उड्या मारू दिलं. अट एवढीच, की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळ पातळीवर आलं पाहिजे आणि आठवड्यागणिक वाढता कामा नये. व्यायाम दोन्ही गटांना होताच. सोबत पळत राहिलेले लोक पळणं बंद ठेवलेल्यांपेक्षा मागे पडले नाहीत. साठीच्या माणसाने मी तर पाचऐवजी तीनची रेघ धरावी असं म्हणेन. पण ‘जरा दुखलं की बंद’ हा नियम टाकून द्यायला हवा, कारण महिनाभर पूर्ण बसलेल्या माणसाची पोटरी आणखी कमजोर होते आणि पहिल्याच पळण्यात टाच पुन्हा धरते.

यात एक मोठा अपवाद आहे, तो हाडाचा. हाडाला तडा गेला असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवायचं.

ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरने 1855 साली लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचं वर्णन लिहून ठेवलं. क्ष-किरणांचा शोधच 1895 चा, त्यामुळे ही सूज कशाची ते त्याला दिसणं शक्य नव्हतं. क्ष-किरण आल्यावर दोनच वर्षांत उलगडा झाला: चवड्यातल्या लांब हाडांना बारीक चिरा पडत होत्या. या दुखण्यामागचं गणित असं: नवा भार पडला की हाड आधी जुना भाग पोखरून काढतं आणि मग नवा भरतं. पोखरण्याचं काम काही आठवड्यांत होतं, भरायला तीन-चार महिने लागतात. म्हणजे पळणं वाढवल्यानंतर तीन ते सहा आठवडे हाड आधीपेक्षा कच्चं असतं. ऑक्टोबरच्या मध्याला सुरुवात केलेल्याने दिवस मोजावेत. नोव्हेंबरात, सराव रंगात आलेला असताना, त्याचं हाड सर्वांत कमजोर असतं.

तडा ओळखायचा कसा? पट्ट्याचं दुखणं पळता पळता कमी होतं, हाडाचं वाढत जातं. बोटाच्या टोकाने दाबल्यावर एकाच जागी, नाण्याएवढ्या ठिकाणी, नेमकं दुखतं. पावलाच्या वरच्या बाजूला सूज दिसते. रात्री पडल्या पडल्या ठणकतं. टाचेच्या हाडाचा तडा असेल तर टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत दाबली की कळ येते. पट्ट्याच्या दुखण्यात ती तळव्याकडून दाबल्यावर येते. पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत काहीच दिसत नाही, हे लक्षात ठेवावं. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून पळायला निघालेल्या माणसाचा तडा पूर्ण मोडू शकतो. शंका असेल तर एमआरआय करून घ्यावा. पावलाच्या कमानीवरच्या नौकेच्या आकाराच्या हाडाचे आणि करंगळीकडच्या हाडाच्या मुळाजवळचे तडे विशेष हट्टी असतात. तिथे रक्तपुरवठा कमी, त्यामुळे अस्थिरोगतज्ज्ञाशिवाय पुढे जाऊ नये.

करंगळीकडच्या या हाडाची एक गोष्ट आहे. लिव्हरपूलचे नामवंत अस्थिरोगतज्ज्ञ रॉबर्ट जोन्स एका लष्करी मेजवानीत तंबूच्या खांबाभोवती फेर धरून नाचताना पायावर चुकीचे पडले आणि हे हाड मोडून बसले. त्यांनी स्वतःच्या पावलाचा एक्स-रे काढवला आणि 1902 साली या मोडण्यावर निबंध लिहिला. आजही ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. मस्कतच्या पळणाऱ्यांवर ही वेळ डोंगरवाटांवर येते. मत्राहहून रियामला जाणारी जुनी पायवाट, जबल अखदरच्या दगडी पायऱ्या, वादीतले गोटे यांवर पाऊल आत मुरगळतं आणि आपण घोटा चोळत बसतो. कॅनडात 1992 साली बांधलेले ओटावा नियम इथे कामाचे आहेत. मुरगळल्यावर लगेच आणि नंतर दवाखान्यातही चार पावलं टाकता येत नसतील, किंवा करंगळीकडच्या हाडाच्या मुळाशी, कमानीवरच्या हाडावर अथवा घोट्याच्या गाठीच्या मागच्या कडेवर दाबून दुखत असेल, तर एक्स-रे काढलाच पाहिजे. यातलं काहीच नसेल तर बहुतेक वेळा हाड शाबूत असतं.

हाडांच्या बाबतीत आखातातल्या आपल्या माणसांनी आणखी एक तपासणी करून घ्यावी, ती ड जीवनसत्त्वाची. वर्षभर ऊन ओकणाऱ्या देशांत त्याची कमतरता सर्रास आढळते, कारण आपण ते ऊन चुकवत घरातून गाडीत आणि गाडीतून कचेरीत जातो, आणि पळतो तेही सूर्य उगवण्याआधी. पाळी थांबलेल्या स्त्रियांनी तर हाडांच्या घनतेची तपासणीही करावी. पुरुषांच्या गटात पळणाऱ्या आमच्या अनेक वहिनी-मावश्या टाच दुखली तर ‘होतं असं’ म्हणून अंगावर काढतात. तडा त्यांच्यात जास्त संभवतो.

मधुमेहाचं मी वर म्हटलं होतं. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना इतकी हळू जाते, की माणसाला पत्ताच लागत नाही. तापलेली वीट, दुपारची अझैबाच्या किनाऱ्यावरची वाळू, बुटात शिरलेला खडा यांची कळ मेंदूपर्यंत पोचतच नाही. डॉक्टर नायलॉनचा एक बारीक तंतू तळव्याला टेकवून ही तपासणी दोन मिनिटांत करतात. आपल्या वयात पळण्याचा सराव सुरू करण्याआधी प्रत्येक मधुमेहीने ती करून घ्यावी आणि रोज रात्री तळवे आरशात पाहावेत. मधुमेही माणसाचं पाऊल एकाएकी लाल, गरम आणि सुजलेलं दिसलं, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पुरुषांच्या अंगठ्याचा सांधा मध्यरात्री अचानक पेटून उठला, तर तो पळण्याचा दोष नसून यूरिक ॲसिडचा असू शकतो. घाम खूप जाऊन शरीरातलं पाणी कमी झालं की हा त्रास उसळतो.

एका औषधाची गोष्ट फारच थोड्या पळणाऱ्यांना माहीत असते. पोट बिघडलं किंवा लघवीला जळजळ झाली की सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गोळ्या दिल्या जातात. सुट्टीत गावी गेल्यावर तर त्या सहज घेतल्या जातात. या गटातल्या औषधांनी कंडरा दुखावण्याचा, प्रसंगी तुटण्याचा धोका वाढतो, आणि साठीपुढे तो अधिक असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 पासून त्यांच्या वेष्टनावर ठळक इशारा छापायला लावला आहे. डॉक्टरांना ‘मी पळतो’ हे आवर्जून सांगावं आणि दुसरं औषध चालेल का ते विचारावं. गोळ्या चालू असताना आणि नंतरही काही आठवडे चढण, वेग आणि उड्या टाळाव्यात.

घरातल्या फरशीबद्दलही बोलायला हवं. मराठी घरात चप्पल दाराबाहेर राहते, आणि मस्कतच्या घरांतली फरशी कडक, गुळगुळीत, एसीने गार पडलेली असते. सकाळचा चहा, देवपूजा, ओट्यापाशी तासभर उभं राहणं हे सगळं अनवाणी. गणपतीत आरत्यांना अर्धा-पाऊण तास संगमरवरावर उभं राहिलेल्या दुखऱ्या टाचेला विचारा. घरात वापरायची मऊ, टाचेला किंचित उंची असलेली एक वेगळी चप्पल ठेवली आणि अंथरुणाशेजारीच काढली, तर सकाळची पहिली कळ पहिल्याच दिवसापासून कमी होते. ती सोवळ्यात बसत नाही म्हणून नको असेल, तर पूजेपुरती जाड सतरंजी घ्यावी.

किनाऱ्याची वाळू मऊ, म्हणून दुखऱ्या पायाला बरी, असंही अनेकांना वाटतं. बेल्जियमच्या संशोधकांनी 1998 मध्ये मोजलं, तर सैल वाळूत पळायला कडक जमिनीपेक्षा सुमारे 1.6 पट ऊर्जा लागत होती. टाच रुतते, पोटरी आणि तळवा जास्त ताणले जातात, आणि पाण्याकडे उतरत्या कडेवर एक पाय सतत खाली पडतो. लहानपणी कोकणात अनवाणी हुंदडलेली माणसं हौसेने बूट काढतात. चाळीस वर्षं बुटात राहिलेल्या पायाला ते एकदम झेपत नाही. दुखणं असेपर्यंत अल मौजच्या किंवा पार्कातल्या सपाट वाटेवरच राहावं. बूट घ्यायला संध्याकाळी जावं, कारण तेव्हा पावलं फुगलेली असतात. आणि जुना नंबर न सांगता दोन्ही पावलं मोजायला लावावीत. वयाबरोबर कमान थोडी बसते आणि पाऊल लांब-रुंद होतं. विशीतला नंबर पन्नाशीत बहुतेकांना तोकडा पडतो.

आता राहतो वेळेचा प्रश्न. टाचदुखीच्या दहापैकी आठ-नऊ जणांना शस्त्रक्रियेविना आराम पडतो, पण त्याला दहा-बारा महिनेही लागू शकतात. मस्कतचं हवामान इथे आपल्या बाजूने उभं राहतं, हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. जून ते सप्टेंबर तसंही बाहेर पळता येत नाही. टाच उचलण्याच्या व्यायामाचा गुण यायला लागतात ते तीन महिने यातच बसतात. जूनमध्ये पायरी आणि टॉवेल, जुलैत पाठीवर सॅक, सोबत आठवड्यातून तीन दिवस पोहणं किंवा सायकल, म्हणजे दम शाबूत राहतो. जुलै-ऑगस्टात जोडून सुट्टी मिळाली तर सलालाच्या खरीफात, रिमझिम पावसात आणि पंचविशीतल्या पाऱ्यात, सपाट वाटेवर चालून पाहता येतं. दुखऱ्या पायावर एका दमात जितक्या वेळा टाच उचलता येते तो आकडा धडधाकट पायाच्या जवळ आला, आणि अर्धा तास झपाझप चालून दुसऱ्या सकाळी टाच कुरकुरली नाही, की पळण्याची परवानगी मिळाली असं समजावं.

पळणं सुरू करायचं ते मिनिटांनी. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं वीस-पंचवीस मिनिटं, एक दिवसाआड. ‘आठवड्याला दहा टक्के वाढ’ हा नियम सगळ्यांच्या तोंडी असतो. नवख्या पळणाऱ्यांवर 2008 साली नेदरलँड्समध्ये तो तपासला, तर त्याने दुखापती कमी झाल्या नाहीत. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांहून अधिक पळणाऱ्यांच्या अभ्यासातून अधिक उपयोगी गोष्ट निघाली: धोका आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकाच दिवशी मारलेल्या उडीत आहे. गेल्या 30 दिवसांत एका दमात जितकं जास्तीत जास्त पळलो, त्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक एकाच दिवशी पळालो की दुखापत वाढते. सप्टेंबरअखेर सलग पाच किलोमीटर जमत असतील, तर ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी साडेपाच. गटातली बाकी मंडळी बारा करत असली तरी साडेपाचच. असं पळणाऱ्यासोबत एखादा सवंगडी मागे थांबला, तर त्याचे उपकार मानावेत.

आणि वय झालं म्हणून सोडून द्यावं का, या प्रश्नाला स्टॅनफर्ड विद्यापीठाने दिलेलं उत्तर मला सर्वांत मोलाचं वाटतं. 1984 पासून त्यांनी पन्नाशीपुढच्या 538 पळणाऱ्यांवर आणि तशाच वयाच्या न पळणाऱ्यांवर लक्ष ठेवलं. 19 वर्षांनी न पळणाऱ्यांपैकी 34 टक्के गेले होते, पळणाऱ्यांपैकी 15 टक्के. हालचालीला मर्यादा आल्या त्याही पळणाऱ्यांना बऱ्याच उशिरा. निवडलेली माणसं मुळातच निरोगी असतील, हे गृहीत धरूनही हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

ज्यांची टाच आज दुखते आहे आणि हंगाम तोंडावर आहे, त्यांनी मस्कत मॅरेथॉनमध्ये पूर्ण किंवा अर्ध्या अंतराऐवजी दहा किंवा पाच किलोमीटरला नाव द्यावं. पाच किलोमीटर पळत-चालतही पूर्ण करता येतात, आणि टाच उचलण्याचा दिवस त्या आठवड्यात फक्त शर्यतीच्या आदल्या दिवशी चुकवला तरी पुरे.